गोरव्यातला रेणू आणि त्र्यंबकचा धुंडिराज

(द्वितीय वर्ष, वाणिज्य)

वाणिज्य शाखेच्या मुलीने रसायनशास्त्राने सुरुवात करून चित्रपटाच्या जनकाचे चरित्र सांगावे, हे वाचून कुणी हसेल. पण माझ्या बाबतीत घडले ते तसेच, आणि म्हणून मी ते जसे घडले तसेच सांगणार आहे.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मी बेळगावहून बडोद्यास मावशीकडे गेले होते. मावशीचे घर गोरव्यात. गोरवा म्हणजे शहराच्या वायव्येकडचा कारखान्यांचा भाग. पहाटे भोंगा, दिवसभर ट्रक आणि वारा फिरला की हवेत औषधाचा वास. मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, याच भागातल्या एका रसायनाच्या कारखान्यात तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेले. मावसबहीण, जिला मी ताई म्हणते, ती रसायनशास्त्रात एम. एस्सी. करते. मी गेले त्या आठवड्यात तिला वर्गापुढे एक विषय मांडायचा होता आणि घरात दुसरे बोलणेच नव्हते.

तिचा विषय होता लॅक्टिक आम्ल, म्हणजे दह्याला आंबटपणा देणारे आम्ल. त्याच्या रेणूत मधल्या एका कार्बनला चार निरनिराळ्या गोष्टी चिकटलेल्या असतात, आणि त्यामुळे त्या रेणूची दोन रूपे होतात, डाव्या आणि उजव्या हातासारखी. दोन्ही हात सारखेच, पण डाव्या हाताचा मोजा उजव्या हातात बसत नाही. आपल्या स्नायूंत तयार होते ते एकाच हाताचे. दह्यात मात्र जिवाणूंच्या जातीप्रमाणे एका हाताचे, दुसऱ्या हाताचे किंवा दोहोंचे मिश्रण सापडते. कागदावर हा फरक ठळक आणि तुटक रेघांनी दाखवतात, पण माझ्यासारखीच्या डोळ्यांना तो दिसत नाही. म्हणून ताईने ठरवले, की पडद्यावर दोन्ही रेणू शेजारी शेजारी गरगर फिरवून दाखवायचे. कितीही फिरवा, एक दुसऱ्यावर बसत नाही, हे पाहणाऱ्याने स्वतःच पाहावे.

तालमीच्या दिवशी घात झाला. तिने स्लाइड्स पीडीएफ करून दिल्या आणि पीडीएफमध्ये फिरणारे चित्र गोठून बसते. रेणू जागचा हलेना. ताई रडवेली होऊन घरी आली. संध्याकाळी आम्ही दोघी बसलो. संगणकावर रेणू दहा दहा अंशांनी फिरवायचा, प्रत्येक वेळी एक चित्र साठवायचे, आणि सगळी चित्रे ओळीने जोडून एक जिफ करायची. ती स्लाइडमध्ये साध्या चित्रासारखी घालता येते, फाइलच्या पोटातच राहते आणि स्लाइड-शो सुरू केला की आपोआप फिरते. आम्ही शून्यापासून तीनशेसाठपर्यंत चित्रे घेतली, पण प्रत्येक फेरीला रेणू एकदा अडखळे. तासभर कारण कळेना. शेवटी मीच मोजणी केली, तर चित्रे सदतीस! शून्य अंश आणि तीनशेसाठ अंश ही एकच जागा, ती आम्ही दोनदा टिपली होती. एकच नोंद दोनदा झाली, की खतावणी जुळत नाही! शेवटचे चित्र काढून टाकले. छत्तीस चित्रे, सेकंदाला बारा, तीन सेकंदांत एक फेरी. रेणू तुपासारखा गुळगुळीत फिरू लागला.

काका मागे उभे राहून पाहत होते. ते म्हणाले, की तुम्ही आज जे केले ते शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने वाटाण्याच्या रोपावर केले होते आणि तो माणूस याच गावात शिकला. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हांला कलाभवन दाखवायला नेले. त्या दिवसापासून मी कै. दादासाहेब फाळके यांच्याविषयी मिळेल ते वाचत गेले. पुढे लिहिते आहे ते त्या वाचनाचे सार आहे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे पंडित. मुंबईच्या विल्सन कॉलेजात त्यांना संस्कृतच्या अध्यापनाचे काम मिळाले आणि कुटुंब मुंबईस आले. शास्त्र्यांच्या मुलाने शास्त्रीच व्हावे अशी त्या काळची रीत, पण धुंडिराजाचा हात सतत कागदावर चाले. १८८५ साली तो जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. नंतर वडील बंधूंबरोबर तो बडोद्यास आला.

त्या वेळी बडोद्यात सयाजीराव महाराजांचा अंमल होता आणि १८९० साली तेथे कलाभवन सुरू झाले होते. त्याचे प्रमुख प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर. मूळचे सुरतेचे, रसायनशास्त्रात पारंगत. मुंबईत राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला कुणी डांबर फासले होते, ते दगडाला इजा न करता काढून देणारे हेच ते गज्जर. पुढे १९०७ साली त्यांनी कोटीभास्कर आणि अमीन यांच्यासह अलेम्बिक हा औषधे व रसायने करणारा कारखाना उभारला. आज गोरव्यात त्याच नावाचा रस्ता आहे आणि मावशी त्याच रस्त्यावरून भाजीला जाते. विज्ञान आणि कारागिरी ही दोन टोके नाहीत, रंगाऱ्याला रसायन कळले पाहिजे आणि रसायनज्ञाला रंगाचे पिंप ढवळता आले पाहिजे, अशा विचाराने हे कलाभवन चालत असे.

धुंडिराज तेथे तैलरंग, जलरंग, वास्तुकला, मातीकाम असे जे दिसेल ते शिकला. त्याने एक कॅमेरा मिळवला. गज्जरांनी या मुलाची ओढ ओळखली आणि कलाभवनाची छायाचित्रणाची खोली आणि प्रयोगशाळा त्याच्यासाठी मोकळी केली. तीन रंगांचे ठसे कसे करतात हे शिकण्यासाठी त्याला रतलामला पाठवले. एका चित्राचे तीन रंगांत तीन भाग करायचे, तीन ठसे घ्यायचे आणि ते एकमेकांवर तंतोतंत बसवायचे. केसभर चूक झाली की चेहरा विस्कटतो. हा नेमकेपणा हातात मुरला तो येथेच. चांगल्या शिक्षकाने एक खोली उघडून दिली तर त्यातून काय निघू शकते, याचे याहून मोठे उदाहरण मला तरी ठाऊक नाही. आपल्या प्राध्यापकवर्गाने हे वाक्य कृपया राग न मानता वाचावे.

शिक्षण झाले, पण पोट भरेना. गोध्र्याला त्यांनी छायाचित्राचा धंदा काढला. तेथे प्लेगच्या साथीत त्यांची पत्नी आणि मूल दगावले. ते पुन्हा बडोद्यास आले. फोटो काढला की अंगातली शक्ती ओढली जाते, अशी लोकांची समजूत होती, त्यामुळे गिऱ्हाईक फिरकेना. मग त्यांनी नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवले. जादूचे प्रयोग शिकले आणि स्वतःचे आडनाव उलटे करून प्रोफेसर केळफा हे नाव घेतले! मला हे वाचून हसू आले आणि मग वाटले, पत्नी आणि मूल एकदम गमावलेला माणूस जादू शिकतो, तेव्हा तो कशाच्या शोधात असेल?

१९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. पत्नीचे माहेरचे नाव गिरिजा करंदीकर. किर्लोस्कर नाटक मंडळीच्या मालकांच्या नात्यातली ही मुलगी. या मंडळीचे संस्थापक अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, हे आपल्या अंकाच्या मराठी आणि कन्नड अशा दोन्ही विभागांच्या वाचकांना सांगायला मला अभिमान वाटतो. लग्नानंतर गिरिजाची सरस्वती झाली. या सरस्वतीबाईंचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे.

फाळक्यांनी पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून सरकारी नोकरी धरली. बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीचे वारे वाहू लागले, तेव्हा ती सोडली. मग लोणावळ्याला आणि पुढे दादरला छापखाना काढला. राजा रविवर्म्यांच्या चित्रांच्या छपाईशीही त्यांचा संबंध आला. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी १९०९ मध्ये ते जर्मनीला जाऊन आले. छापखाना नावारूपाला आला आणि भागीदारांशी बिनसले. चाळिशी उलटलेला माणूस चालता धंदा सोडून रिकाम्या हाताने घरी बसला. भागीदारीच्या प्रकरणात आम्ही खाती बंद करण्याचे नियम शिकतो, पण खाते बंद करून घरी परतलेल्या माणसाचे काय होते, ते त्या प्रकरणात नसते.

१९११ चा एप्रिल महिना. गिरगावात तंबूवजा चित्रपटगृहात त्यांनी प्राण्यांचा एक चित्रपट पाहिला. घरी सांगितले तर कुणाला खरे वाटेना, म्हणून दुसऱ्या दिवशी सर्वांना घेऊन गेले. तो ईस्टरचा सुमार होता आणि पडद्यावर येशू ख्रिस्ताचे जीवन चालले होते. ते पाहता पाहता त्यांच्या डोळ्यांपुढे आपले राम आणि कृष्ण उभे राहिले. हे आपल्या देशात का होऊ नये, या विचाराने त्यांना घेरले.

त्यानंतर त्यांनी स्वतःला जाळून घेतले म्हटले तरी चालेल. दररोज तासन्‌तास चित्रपट पाहायचे आणि उरलेल्या वेळी विचार करायचा. झोप नाही. डोळे इतके बिघडले की काही काळ जवळजवळ दिसेनासे झाले. डॉ. प्रभाकर नावाच्या वैद्यांच्या उपचाराने दृष्टी परत आली. मग विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवल्या आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते विलायतेस निघाले. लंडनमध्ये बायस्कोप नावाच्या साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांच्या कचेरीत ते ओळखपाळख नसताना जाऊन उभे राहिले. कॅबोर्न यांनी त्यांना आधी या फंदात पडू नका असे समजावले आणि ऐकत नाहीत हे पाहून सिसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत नेले. तेथे फाळक्यांनी सारे पाहून घेतले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र यांची मागणी नोंदवली आणि १ एप्रिलला ते परत आले.

आता काकांनी सांगितलेला वाटाणा. पैसे लावणारा मिळायचा तर त्याला काही तरी दाखवले पाहिजे. फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपत राहिले. बी फुटते, अंकुर वर येतो, वेल होऊन चढतो, हे सारे मिनिटभराच्या फिल्ममध्ये! अंकुराची वाढ हे त्याचे नाव. मी माझ्या सवयीने हिशेब मांडला. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण सोळा चौकटी धरल्या, तर मिनिटाला ९६० होतात. तीस दिवसांत त्या वाटल्या तर दिवसाला बत्तीस. म्हणजे रोज बत्तीस वेळा उठायचे, एक चौकट घ्यायची आणि परत बसायचे, तेही डोळे नुकते बरे झालेले असताना. ताई आणि मी छत्तीस चित्रांना दमलो होतो.

ही फिल्म पाहून नाडकर्णी यांच्यासारख्या स्नेह्यांनी पैसे दिले आणि राजा हरिश्चंद्राचे काम सुरू झाले. दादरचा बंगला हाच स्टुडिओ, हेच घर आणि हीच खाणावळ. तारामतीचे काम करायला बाई मिळेना. वेश्यावस्तीतही कुणी तयार होईना. शेवटी ग्रँट रोडच्या एका खाणावळीत काम करणारा अण्णा साळुंके नावाचा नाजूक हातांचा तरुण राणी झाला. दाबके राजा झाले. फाळक्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. चित्रपटात काम करतो असे सांगितले तर लोक तोंडे फिरवत, म्हणून मंडळींनी बाहेर हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरी करतो असे सांगावे, अशी युक्ती फाळक्यांनी काढली. वांगणीच्या बाजूस ढाली-तलवारी घेतलेली ही मंडळी पाहून गावकऱ्यांनी दरोडेखोर आले म्हणून पोलिसांत कळवले, हा प्रसंग प्रसिद्धच आहे.

आणि सरस्वतीबाई? दिवसा सगळ्या मंडळींचा स्वयंपाक, उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडणे, रात्री रसायने कालवणे आणि अंधाऱ्या खोलीत कोऱ्या फिल्मला भोके पाडणे. चित्रपट सुमारे ३७०० फुटांचा होता. एका फुटात सोळा चौकटी, प्रत्येक चौकटीला एका बाजूस चार भोके, आणि बाजू दोन. ३७०० गुणिले १२८ केले तर ४,७३,६०० येतात. यंत्र एका दाबात काही भोके पाडीत असेल, वाया गेलेली फिल्म मी धरलेली नाही, पण आकडा एकदा वहीत लिहून पाहावा. ही भोके चुकली तर चित्र पडद्यावर नाचते. यांवर भर म्हणून अंगावरचे दागिनेही त्यांनी गहाण टाकायला काढून दिले. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्यांना जागा मिळाली नाही.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात राजा हरिश्चंद्र लोकांसमोर आला. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगते. फाळके नाशिकला गेले. मोहिनी भस्मासुरात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई पडद्यावर आल्या. १९१७ च्या लंकादहनात अण्णा साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. गल्ल्याची नाणी बैलगाडीतून न्यावी लागली असे सांगतात. कालियामर्दनात त्यांची चिमुकली मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. या मोठ्या पटांच्या मधल्या फटीत त्यांनी लहान लहान गमतीही केल्या. १९१५ साली आगकाड्यांची मौज नावाचा छोटा पट केला. एक काडी जरा सरकवायची, एक चौकट घ्यायची, पुन्हा सरकवायची. पडद्यावर काड्या आपोआप चालू लागतात. आपल्या देशातल्या ॲनिमेशनची सुरुवात ती हीच. चित्रपट कसा तयार करतात हे दाखवणारा पटही त्यांनी केला. जादूगाराने आपली पेटी उघडून दाखवावी तसे!

१९१८ साली भांडवलदार भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली आणि पुन्हा तेच झाले. भागीदारांना खर्चाचा हिशेब हवा, यांना मनासारखे चित्र हवे. मी वाणिज्याची विद्यार्थिनी म्हणून सांगते, की भागीदारांचे सगळेच चुकले असे नाही. दादासाहेब कंपनी सोडून काशीस गेले, तेथे रंगभूमी हे नाटक लिहिले आणि १९२२ मध्ये परत कंपनीत आले. मग बोलपट आले. १९३७ साली कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी गंगावतरण केला, तो त्यांचा एकमेव बोलपट. शंभराच्या आसपास चित्रपट केलेल्या या माणसाकडे अखेरीस काही उरले नव्हते. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते वारले. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १९६९ साली, त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाला. तो पुढे डॉ. राजकुमारांना आणि म्हैसूरच्या व्ही. के. मूर्ती या छायालेखकांना मिळाला, हे कन्नड विभागातल्या माझ्या मैत्रिणी मला आठवण करून देतात.

आता माझी गोष्ट सांगून लेख संपवते. गोरव्याहून परतले ती मी ॲनिमेशन शिकायचे असे ठरवूनच. बाबांचे वह्या-पेनांचे दुकान आहे आणि मी पदवीनंतर बँकेची परीक्षा द्यावी अशी त्यांची इच्छा आहे. अभ्यासक्रमाची फी ऐकून ते गप्प झाले. रात्री आई माझ्या खोलीत आली आणि आपल्या पाटल्या मोडायची तयारी तिने दाखवली. दादासाहेबांचे चरित्र तेव्हा मी अर्धे वाचले होते. अर्ध्यावर थांबले असते तर त्या पाटल्या मी घेतल्या असत्या. पण पुढची पाने वाचली, आणि ४,७३,६०० हा आकडा माझ्या वहीत लिहिलेला होता. मी आईला नको म्हणाले.

त्याऐवजी मी गच्चीशेजारच्या खोलीत एका कुंडीत वाटाणा पेरला. पुस्तकांच्या चळतीवर मोबाइल बसवला, टेबलावरचा दिवा रात्रंदिवस लावून ठेवला आणि तासाला एक असे पंधरा दिवस फोटो घेतले. मोबाइल ते आपोआप घेतो, मला बत्तीस वेळा उठावे लागले नाही. तीनशेसाठ फोटो, सेकंदाला बारा, तीस सेकंद. ताईने गोरव्याहून फोनवर सांगितले, की तिचा रेणू त्या दिवशी नीट फिरला आणि एका मैत्रिणीने तो पुन्हा एकदा दाखवायला लावला.

बाबांना मी तो वाटाणा रविवारी दुकान बंद झाल्यावर दाखवला. सोबत कागदावर फीचा, शिकवणीतून मला मिळू शकेल अशा पैशाचा आणि तुटीचा हिशेब लिहून दिला. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि वाटाणा परत लावायला सांगितला. तिसऱ्यांदा पाहून झाल्यावर त्यांनी कागद उचलला. बी. कॉम. पूर्ण करायचे, हे त्यांनी अट म्हणून सांगितले, आणि तुटीच्या आकड्याखाली पेन्सिलीने एक रेघ ओढून कागद गल्ल्यात ठेवला. पाटल्या कपाटात आहेत. वेल आता खिडकीच्या गजाला पोचला आहे.